भिंतीवरची डबी आणि विहिरीवरची पेटी



मेळाव्याच्या समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'माझं काम'. विषय सोपा नाही. काल संध्याकाळी मलकापूरहून मोताळ्याला येताना आपल्याच एका मैत्रिणीने गाडीत विचारलं, "तू नेमकी काय करून राह्यली वं पुण्यात?" मी म्हटलं, अमेरिकेतल्या घरांच्या भिंतीवर एक डबी असते, तिच्या पहिल्या दहा मिनिटांचं सॉफ्टवेअर लिहिते. ती म्हणाली, "दहा मिनिटांसाठी तुला महिनाभराचा पगार देतात?" पुढचं सगळं तिला उद्देशूनच समजा.

त्या डबीला थर्मोस्टॅट म्हणतात. नाव नवीन वाटलं तरी वस्तू तुमच्या घरात आहे. इस्त्रीचं फिरवायचं बटण असतं ना, कॉटन, सिल्क, नायलॉन लिहिलेलं, त्याच्या आत थर्मोस्टॅट असतो. फ्रिजमध्ये असतो, गिझरमध्ये असतो. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त लांबते, दुसरी कमी, म्हणून जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते. गार झाली की सरळ होते, वीज पुन्हा सुरू. आठवीत की नववीत, सरांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरून दाखवलेली तीच द्विधातू पट्टी. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, परीक्षेत त्या पट्टीवर दोन मार्कांचा प्रश्न होता. मी गेली अनेक वर्षं तिच्यावरच पोट भरते आहे.

आणखी एक गोष्ट इथे बसलेल्या शिक्षकांना आवडेल. खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचं सुरुवातीचं एक महत्त्वाचं पेटंट कुणा कारखानदाराच्या नावावर नाही. ते एका मास्तरांच्या नावावर आहे. वॉरन जॉन्सन नावाचे हे गृहस्थ अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयात शिकवायचे. थंडीत तळघरातल्या भट्टीने इमारत तापवत. वर्ग किती तापलाय हे बघायला शिपाई सारखा वर्गात यायचा आणि मग खाली जाऊन झडपा कमीजास्त करायचा. शिकवण्यात खंड पडायचा. जॉन्सन सरांनी वर्गात एक यंत्र बसवलं. तापमान बदललं की त्याची घंटी तळघरात वाजे, शिपायाला वर यावं लागत नसे. १८८३ साली पेटंट मिळालं, १८८५ साली मिलवॉकी शहरात त्यांची कंपनी सुरू झाली आणि ती जॉन्सन कंट्रोल्स या नावाने आजही आहे. आपल्या शिपाईमामांनी वर्गात यायचं थांबवलं असतं तर आपल्याला सुट्टीच्या नोटिसा कुणी वाचून दाखवल्या असत्या, हा प्रश्न वेगळा.

आपल्याकडे घरात थर्मोस्टॅट लागत नाही, कारण ते काम माणूस करतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. बुलढाण्याचे लोक राजूर घाटावर बसून आपल्याला हसतात, आणि आपण रात्रभर कूलरसमोर झोपतो. पहाटे तीनला हवा गार झाली की घरातलं कुणीतरी उठून कूलरची पाण्याची मोटर बंद करतं, नुसता पंखा ठेवतं. आमच्या घरी हे काम आई करायची. आम्हाला कधी कळलंही नाही.

अमेरिकेत, कॅनडात बाहेर उणे वीस अंश असतं. घराच्या तळघरात एक भट्टी, तिथून प्रत्येक खोलीत गरम हवेचे पाइप, आणि सगळ्या घरासाठी भिंतीवर एकच डबी. ती बंद पडली तर गारठा तर होतोच, भिंतीतल्या नळांमधलं पाणी गोठून नळही फुटतात. म्हणून ती डबी महत्त्वाची. अनेक वर्षं ती साधी होती. गोल चकती फिरवायची, बस. मग २०११ साली टोनी फॅडेल यांच्या नेस्ट कंपनीने फोनवरून चालणारी, घरच्यांच्या सवयी शिकणारी डबी आणली. २०१४ साली गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली, आणि मग जो तो वायफायच्या डब्या करायला लागला. त्या लाटेतच आमच्यासारख्यांना पुण्यात काम मिळालं.

फॅडेल यांनी आपल्या पुस्तकात एक बारीक गोष्ट सांगितली आहे. चाचणीसाठी लोकांना डबी दिली, तर बसवायला तासभर लागायचा. वायर जोडणं लोकांना जमत होतं. बराचसा वेळ घरात स्क्रूड्रायव्हर शोधण्यात जात होता. म्हणून त्यांनी डब्यातच एक छोटा स्क्रूड्रायव्हर घालून दिला. त्याचा खर्च कशाला, असं कंपनीतल्या हिशेबनीसांना वाटलं असणार. पण मला विचाराल तर त्या सगळ्या यंत्रात तो स्क्रूड्रायव्हर सगळ्यात हुशार भाग होता.

आता माझी दहा मिनिटं. डबी भिंतीवर लागली. तिला घरातल्या वायफायला जोडायचं. वायफायला पासवर्ड असतो, आणि डबीला कीबोर्ड नसतो. सगळी अडचण एवढीच आहे. पासवर्ड तुम्हाला माहीत आहे, डबीला सांगायचाय, आणि तो शेजाऱ्याच्या कानावर पडता कामा नये. गावात नवीन आलेल्या मुलाला शाळेत घालायचं तर आधी दाखला लागतो, दाखला जुन्या शाळेत, जुनी शाळा दुसऱ्या गावाला, आणि दाखल्याशिवाय हजेरीपटावर नाव नाही. डबीचं तसंच होतं. वायफायवर आल्याशिवाय तिच्याशी बोलता येत नाही आणि बोलल्याशिवाय ती वायफायवर येत नाही.

या कोड्यावर जगभरच्या इंजिनियर लोकांनी नाना उपाय केले. पहिला उपाय: राउटरवर बटण ठेवा, तिकडे दाबा, इकडे दाबा, दोघांची ओळख होईल. त्यातच आठ आकडी पिनचीही सोय होती. २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाने दाखवून दिलं की ही पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, आधी पहिले चार आकडे आणि मग उरलेले. शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. म्हणजे कोट्यवधी शक्यता वाटत होत्या तिथे जेमतेम अकरा हजार निघाल्या. काही तासांत कुलूप उघडतं. आठ आकडी कुलपाचे चार आकडे बरोबर लागले की कुलूप आतून 'अर्धं जमलं' म्हणून सांगतं, असा तो प्रकार. विश्वास गेला तो गेलाच.

दुसरा उपाय मला फार आवडतो, जरी तो नीट चालला नाही. वायफायवरचा मजकूर कुलूपबंद असतो, डबीला वाचता येत नाही. पण मजकुराचं पाकीट किती लांब आहे हे बाहेरूनही दिसतं. मग फोनने काय करायचं, मुद्दाम वेगवेगळ्या लांबीची पाकिटं हवेत सोडायची. एवढी लांबी म्हणजे 'क', तेवढी म्हणजे 'ख'. डबीने नुसत्या लांब्या मोजून पासवर्ड जुळवायचा. आपण परीक्षेत पेन्सिल बाकावर आपटून रिकाम्या जागांची उत्तरं सांगायचो, हुबेहूब तेच. (सर, हे आमच्या बॅचने नाही, आमच्या आधीच्या बॅचने केलं.) पण प्रत्येक राउटरचा स्वभाव वेगळा. काही राउटर ती पाकिटं पुढे पोचवतच नसत. शिवाय ज्याला ही लिपी माहीत आहे असा कुणीही बाहेर बसून मोजू शकतो.

तिसरा उपाय सगळ्यात जास्त वापरला गेला, आणि सगळ्यात जास्त शिव्याही त्यालाच बसल्या. डबी स्वतःच एक छोटं वायफाय सुरू करते. तुम्ही फोन घरच्या वायफायवरून सोडवून डबीच्या वायफायला जोडायचा, तिथे पासवर्ड लिहायचा, मग फोन पुन्हा घरच्या वायफायवर आणायचा. कागदावर छान वाटतं. पण डबीच्या वायफायवर इंटरनेट नसतं. आजचे फोन अतिशहाणे आहेत. 'इथे इंटरनेट नाही' म्हणून ते परस्पर मोबाइल डेटावर पळून जातात. माणूस पासवर्ड लिहीत बसतो आणि फोन कधीच निघून गेलेला असतो. वर पडद्यावर येतं, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.' काय चुकलं ते नाही. पासवर्ड चुकला? राउटर लांब आहे? की राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर बोलतोय आणि डबीला २.४ च समजतं? बऱ्याच डब्यांमधली स्वस्त चिप २.४ गिगाहर्ट्झचीच असते, आणि भिंती ओलांडायला त्या लहरी बऱ्याही असतात. पण हे घरात बसलेल्या आजीबाईंना कशाला माहीत असायला हवं?

आमच्या टीमने काय केलं, तर लोक डबी बसवताना शेजारी बसून पाहिलं. काही न बोलता. इंजिनियरला काही न बोलता बसवणं हेच मोठं काम. त्यातून कळलेल्या गोष्टी मी सांगितल्या तर तुम्ही म्हणाल यात काय इंजिनियरिंग. डबीच्या मागच्या बाजूला क्यूआर कोडचं स्टिकर होतं, आणि फोन तो कोड मागायचा डबी भिंतीला ठोकून झाल्यावर. लोक पुन्हा स्क्रू काढायचे. आम्ही कोड पडद्यावरच दाखवायला लागलो. ॲप सुरुवातीलाच 'तुमचं लोकेशन द्या' असं मागायचं. कारण तांत्रिक होतं, अँड्रॉइडमध्ये आजूबाजूची वायफाय शोधायला ती परवानगी लागायची. पण वाचणाऱ्याला वाटायचं की कंपनीला आपल्या घरावर नजर ठेवायची आहे, आणि शहाणी माणसं तिथेच 'नाही' म्हणायची. मग वायफाय शोधण्याचं काम आम्ही फोनकडून काढून डबीला दिलं. फोन डबीशी ब्लूटूथवर बोलतो, डबी आपल्याला ऐकू येणाऱ्या वायफायची यादी सांगते. जे तिला ऐकू येत नाही ते यादीतच नाही, म्हणून २.४ आणि ५ चा प्रश्नच पडत नाही. पुढे ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग या सगळ्यांनी मिळून 'मॅटर' नावाचं एक सामाईक मानक आणलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्यातही हेच. क्यूआर कोड, आणि तो वाचता आला नाही तर अकरा आकडे.

आणि एक नियम आम्ही भांडून लावून घेतला. डबीला वीज मिळाली की तिने आधी घर तापवायचं, वायफाय नंतर. ती नोंदणी मागेल, खातं उघडायला सांगेल, पण त्यासाठी ऊब अडवणार नाही. मार्केटिंगवाल्यांना हे आवडत नाही. त्यांना आधी तुमचा ईमेल हवा असतो.

या नियमावर मी इतकी का अडून बसले ते सांगते. आपल्याच वर्गातल्या एकाचे आईबाबा. नाव सांगत नाही, सांगायची परवानगी मात्र त्यानेच दिली आहे. दोघं मोताळा तालुक्यातच राहणारे, शेतकरी. हिवाळ्यात मुलाकडे परदेशी गेले. मुलगा कामासाठी तीन दिवस बाहेरगावी. त्याने जाण्याआधी घरात नवीन राउटर बसवला होता, वेग जास्त मिळतो म्हणून. डबीला नवीन पासवर्ड माहीत नव्हता. ती वायफायवरून पडली आणि जुन्या वेळापत्रकावर चालत राहिली. वेळापत्रक असं की दिवसा सगळे ऑफिसात असतात, म्हणून घर ६० वर ठेवायचं. ६० फॅरनहाइट. म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपंधरा अंश. काकांनी आकडा पाहिला. ६० म्हणजे भट्टी भरपूर पेटली आहे, तरी आपल्यालाच थंडी वाजते, वय झालं, असं त्यांना वाटलं. पडद्यावर वायफायच्या चिन्हावर लाल फुली होती. काकूंना वाटलं यंत्र बिघडलं. आपण हात लावला तर मुलाचं महागाचं यंत्र आणखी बिघडेल. दोघांनी स्वेटर, त्यावर कोट, त्यावर घरून नेलेली गोधडी घेतली आणि तीन दिवस काढले. मुलगा रोज फोन करायचा. "सगळं ठीक आहे," म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल केला तेव्हा बाबांच्या डोक्याला मफलर दिसला.

"बाबा, डबीवर वरचा बाण आहे ना, तो दाबा." दहा सेकंदांचं काम होतं. बाण आधीपासून चालत होता, फक्त तो चालतो असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

ती डबी आमच्या कंपनीची नव्हती, पण त्या वेळी आमच्या नवीन मॉडेलचे पडदे काढणं सुरू होतं. मी ही गोष्ट टीमला जशीच्या तशी सांगितली. तुटलेल्या वायफायची लाल फुली आम्ही काढली. आता तिथे शब्द येतात: 'घर तापत आहे. इंटरनेट नाही, पण बटणं चालतात.' आणि आकड्याशेजारी अंश फॅरनहाइट की सेल्सिअस, ते मोठ्या अक्षरात.

इथवर ऐकून तुमच्यातले शेती करणारे म्हणत असतील, तिकडच्या भट्ट्यांचं आम्हाला काय. तर आता विहिरीवर येऊ.

आपल्याकडे फोनवरून यंत्र चालवण्याची गोष्ट नेस्टच्या कितीतरी आधी सुरू झाली, हे मी ऑफिसात अभिमानाने सांगते. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद करायच्या यंत्रावर १९९० च्या दशकात काम सुरू केलं. त्याचं नाव 'नॅनो गणेश'. २००९ साली त्याला नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. तेव्हा त्यासाठी स्मार्टफोन लागत नव्हता, ॲप नव्हतं, वायफाय तर नव्हतंच. साधा बटणांचा फोन. स्टार्टरच्या पेटीजवळ एक यंत्र, त्याला फोनची जोड. घरून फोन लावायचा, आकडा दाबायचा, मोटर सुरू. लाईट आहे की नाही तेही कळायचं. पुढे अनेक कंपन्यांच्या पेट्या आल्या. आज मोताळ्याच्या दुकानात कुणी 'स्मार्ट इरिगेशन कंट्रोलर' म्हणणार नाही, 'मोबाइल स्टार्टर' म्हटलं की काउंटरवर पेटी येते.

ती का लागते हे इथे कुणाला सांगायला नको, पण या स्मरणिकेचं पान आपल्या मुलांनीही वाचावं म्हणून सांगते. शेतीची थ्री फेज लाईन पाळीने येते. कधी दिवसा, कधी रात्री. गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, बाबा रात्री बारा-एकला उठून बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जायचे. थंडी, चिखल, पायाखाली काय आहे दिसत नाही. आपल्या वर्गात अशी मुलं होती ज्यांच्या घरी रात्री ओलिताला गेलेलं माणूस साप चावून गेलं. त्यांची नावं आपल्याला सगळ्यांना माहीत आहेत. नळगंगेच्या कालव्याखाली ज्यांची जमीन आहे त्यांचं थोडं वेगळं, बाकी सगळे विहिरीवर.

यावर पहिला घरगुती उपाय होता 'ऑटो'. म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू. माणूस झोपलेला, मोटर चालू. पण गावातल्या सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर एकदम भार येतो आणि डीपी जळते. म्हणून महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर लावा म्हणून सांगत असतं, आणि आपण ऐकत नसतो, कारण डीपी सगळ्या गावाची असते आणि झोप आपली. मोबाइल स्टार्टरने ही कोंडी थोडी सोडवली. लाईन आली की पेटी तुम्हाला कळवते, सुरू करायचं की नाही ते तुम्ही ठरवता. विहिरीत पाणी संपलं तर मोटर कोरडी फिरून जळण्याआधी बंदही करता येते.

मागच्या दिवाळीत भावाकडे आले तेव्हा मी त्याच्या पेटीचं पुस्तक वाचायला घेतलं. सवयच लागली आहे. पेटीत सिम घालायचं. मग ठरावीक मजकुराचा एसएमएस पेटीला पाठवायचा, त्यात चार आकडी गुप्त क्रमांक आणि मालकाचा मोबाइल नंबर. त्या नंबरवरून आलेला फोनच पेटी मानते. मला हे फार आवडलं. पासवर्ड हवेतून नेण्याची भानगडच नाही. माणसाचा नंबर हीच त्याची ओळख. डबीपेक्षा पेटी सोपी. नाही म्हणायला काही जुन्या पेट्या टू-जीवरच चालतात, त्यांना टू-जी नसलेल्या कंपनीचं सिम घातलं तर त्या मुक्या बसतात आणि दुकानदाराला दोष येतो. सिमचा रिचार्ज संपला तरी तेच. पण ही दुकानदार पाच मिनिटांत सोडवतो. सेटअप इथे दुकानदारच करतो, आणि ॲप लिहिणाऱ्या कुणाहीपेक्षा चांगला करतो, कारण त्याला गिऱ्हाईक समोर दिसतं.

गोची पुढे आहे. भावाच्या वावराला लागून एका काकूंचं वावर आहे. काका दोन वर्षांपूर्वी अचानक वारले, हृदयविकाराने. पेटी काकांच्या नंबरवर नोंदवलेली. गुप्त क्रमांक काकांनाच माहीत. काकांचा नंबर रिचार्ज न केल्याने बंद झाला. पेटी चांगली आहे, सिम चालू आहे, मोटर चांगली आहे, आणि काकू रात्री एक वाजता बॅटरी घेऊन वावरात जात होत्या. दोन वर्षं. त्यांचा स्वतःचा फोन खिशात. त्यांनी दुकानात विचारलं नाही का? विचारलं. दुकान बदललं होतं. नवीन माणूस म्हणाला, नवीन पेटी घ्या. ती पेटी पुन्हा कोरी करता येते, आत एक बारीक बटण असतं. पुस्तकात ते शेवटून दुसऱ्या पानावर, इंग्रजीत, एका ओळीत लिहिलेलं आहे. बटण दाबून धरलं, दिवा तीनदा लुकलुकला, काकूंचा नंबर घातला, त्यांच्या मुलीचाही घातला. काकूंनी ओट्यावर बसून फोन लावला आणि लांब विहिरीवर मोटरचा आवाज आला. त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढंच होतं काय माय?"

हे मी पुण्याला परत जाऊन सांगितलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, हे खेड्यातलं आहे, आपल्या गिऱ्हाइकांना ही अडचण नाही. मी त्यांना २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलेली एक बातमी दाखवली. नवऱ्याच्या छळाला कंटाळून वेगळ्या झालेल्या बायकांची. घर त्यांच्याकडे, पण डबी, दाराचं कुलूप, दिवे नवऱ्याच्या फोनवर. तो लांब बसून घराचं तापमान वर-खाली करायचा. बाई सांगायला गेली की लोकांना ती वेडी वाटायची. यंत्र बसवलं त्यानं, पासवर्ड त्याचा. घरात राहणाऱ्या बाईचं नाव त्या यंत्राला माहीतच नाही. काकूंची पेटी आणि ही डबी, अडचण एकच.

आमच्या धंद्यात सगळे पहिल्या सेटअपच्या मागे आहेत. तीन मिनिटांचं दोन मिनिटांवर आणा. मीही तेच काम केलं आणि ते करण्यासारखं होतं. पण यंत्र भिंतीवर दहा-पंधरा वर्षं राहतं. तेवढ्यात राउटर बदलतो, फोन बदलतो, भाडेकरू बदलतो, माणूस जातो, लग्न मोडतं. कधी कंपनीच हात काढून घेते. नेस्टच्या पहिल्या दोन मॉडेलांना गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून फोनवरून चालवणं बंद केलं. भिंतीवर हाताने ती अजून चालतात, हे नशीब. या दुसऱ्या सेटअपकडे, म्हणजे मालक बदलताना काय व्हायला हवं याकडे, कुणी बघत नाही, कारण दुकानात वस्तू विकताना ते दिसत नाही. गेलं वर्षभर मी त्याच्यावर काम करते आहे. आमचं म्हणणं असं आहे की जो माणूस घरात उभा राहून डबीचं बटण दाबून धरू शकतो, डबी त्याची. लांबून येणारा पासवर्ड त्याच्यापुढे दुय्यम. आणि डबी नवीन माणसाच्या हाती गेली की जुन्या सगळ्या फोनांची नावं पुसली जातील. यात वाद आहेत. चोर घरात शिरला तर? पाहुण्यांच्या पोरानं दाबलं तर? मी म्हणते, चोर घरात शिरल्यावर तो घराचं तापमान बदलत बसणार नाही. पोराचं खरं आहे, त्यासाठी बटण दाबून धरायची वेळ वाढवली.

मोबाइल स्टार्टरला हे लागू होईल का? पूर्ण नाही. पेटी वावरात उघड्यावर असते, तिथे बटण कुणीही दाबू शकतं. तिथे मला वाटतं साधा उपाय बरा. पहिल्याच दिवशी दोन नंबर नोंदवायचे, त्यातला एक घरातल्या बाईचा. बऱ्याच पेट्यांत एकापेक्षा जास्त नंबर घालायची सोय आधीपासून आहे. दुकानदाराने विचारलं पाहिजे, बस. सौर पंप घेतलेल्यांना रात्रीचं जाणं नाही, पण त्यांच्या कंट्रोलरलाही सिम असतं आणि तेही कुणाच्यातरी नावावर असतंच.

वीस मिनिटं होत आली, समितीचे लोक घड्याळ दाखवत आहेत. जेवणानंतर मी खालच्या मजल्यावर, आपल्या दहावी 'ब' च्या वर्गात बसणार आहे, शेवटच्या बाकावर, जिथे मी तेव्हाही बसायचे. ज्यांच्या पेटीत जुना किंवा बंद झालेला नंबर आहे त्यांनी या. पेटीचं पुस्तक सापडलं तर आणा. नाही सापडलं तर पेटीच्या झाकणावर कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहिलेली पट्टी असते, घरी कुणाला तरी फोन करून तिचा फोटो मागवून घ्या. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर पाठ करून या.